गालील सरोवरांतील एक जुनी नौका व तिची डागडुजी

संत मार्क ह्यांच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत जब्दीचे दोन पुत्र, याकोब आणि योहान, नौकेंत बसून आपलीं जाळीं नीट करीत असलेले आपणांस दिसतात. संत लूक ह्यांनीं पांचव्या अध्यायांत काठास लागलेल्या दोन नौकांचा व जाळीं धुणाऱ्या कोळ्यांचा उल्लेख केला आहे. जाळें फाटतें, तें पुन्हां विणावें लागतें, धुवावें लागतें, ही गोष्ट शुभवर्तमानकारांच्या नजरेंतून सुटलेली नाहीं. परंतु जाळ्यापेक्षां कितीतरी अधिक मोलाची जी वस्तु, जिच्यावर कुटुंबाचें अन्न आणि मनुष्यांचे प्राण अवलंबून असतात, त्या नौकेची डागडुजी कोण करी, कशी करी, आणि पदरीं पैसा नसतां ती कशी भागवी, ह्याविषयीं त्या पवित्र ग्रंथांत एकहि ओळ नाहीं. त्यांचा तो विषयच नव्हता. ही उणीव एकोणीसशेंहून अधिक वर्षांनंतर सरोवराच्या चिखलानें भरून काढली. ती हकीकत ह्या महोत्सवी अंकांत आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. कारण ज्यांच्या घरीं होडी आहे, किंवा ज्यांच्या आजोबांच्या घरीं ती होती, त्यांस हा इतिहास इतरांपेक्षां लवकर कळेल.

गालील समुद्र असें आपण म्हणतों खरें, परंतु तो समुद्र नव्हे. तें गोड्या पाण्याचें एक सरोवर आहे. गनेसरेत, तिबेर्या व किन्नेरेत हीं त्याचींच नांवें. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर, व जेथें रुंदी सर्वांत अधिक तेथें ती सुमारे १३ किलोमीटर आहे; आणि त्याच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या खालीं २०० मीटरांहून अधिक आहे. सभोंवार डोंगर असल्यामुळें वारा एकाएकीं खालीं कोसळतो, आणि घटकाभरापूर्वीं आरशासारखें असलेलें पाणी नौका गिळावयास उठतें. पश्चिम काठावर मिगदल, म्हणजे मग्दाला, हें गांव. ग्रीक भाषेंत ज्या गांवास तारिखेआय म्हणत तें हेंच, असें बहुतेक विद्वान मानितात. आणि त्या नांवाचा संबंध खारविलेल्या मासळीशीं आहे. पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार योसेफस ह्यानें आपण तेथें २३० नौका एकत्र केल्याचें, व प्रत्येकींत चारांहून अधिक खलाशी नसल्याचें, लिहून ठेविलें आहे. इतिहासकारांचे आंकडे कांहीं वेळां फुगलेले असतात. तरी ह्या लहानशा सरोवरावर नौकांची दाटी होती एवढें त्यावरून दिसतें. आणि एवढ्या नौका म्हणजे एवढ्या फळ्या, एवढे खिळे, आणि त्या सर्वांस वरचेवर लागणारी दुरुस्ती.

१९८५ व १९८६ ह्या सालांच्या सुमारास त्या प्रदेशांत अवर्षण पडलें, सरोवराचें पाणी ओसरलें, आणि एरवीं बुडालेला तळ उघडा पडला. १९८६ च्या जानेवारी महिन्यांत काठावरच्या गिनोसार ह्या वसाहतींतील मोशे व युवाल लुफान हे दोघे भाऊ त्या चिखलांतून जुन्या वस्तु शोधीत फिरत होते. दोघेहि धंद्यानें मच्छीमार. त्यांस प्रथम कांहीं जुने खिळे आढळले, आणि पुढें चिखलांत लांबट वर्तुळासारखी एक लांकडी कड दिसली. बातमी कळतांच पुराणवस्तु खात्याकडून शेली वाक्समन व कुर्त रावे हे पाहावयास आले. वरचा चिखल थोडासा बाजूस करतांच फळ्यांच्या कडांत पाडलेल्या खोबणी व त्यांत बसविलेल्या लांकडी चिपा दिसूं लागल्या. आणि ही जोडणी प्राचीन काळची आहे हें त्यांनीं तत्काळ ओळखलें. लेख नव्हता, नाणें नव्हतें, राजाची मुद्रा नव्हती. सुताराच्या हाताची रीत हीच तेथें पहिली साक्ष ठरली.

पुढें मोठी घाई करावी लागली. नौकेंत सोनें भरलेलें आहे अशी वदंता पसरली. आणि पाऊस होऊन सरोवराचें पाणीहि पुन्हां चढूं लागलें. तेव्हां फेब्रुवारी महिन्यांत अकरा-बारा दिवस रात्रंदिवस काम चाललें. भोंवतीं मातीचा बांध घालून पाणी अडविलें. गिनोसारचे रहिवासी व स्वयंसेवक ह्यांनीं हातभार लाविला. लांकूड शतकानुशतकें भिजून इतकें मऊ झालें होतें कीं त्यावर पाय ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून खोदणारे वर टांगलेल्या फळ्यांवर पालथे पडून हातांनीं चिखल काढीत. अखेरीस आंतून व बाहेरून कृत्रिम फेंसाचें घट्ट वेष्टण घालून ती नौका पाण्यावर तरंगविली, आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतर ती त्याच सरोवरावर थोडें अंतर पुन्हां चालली. सोन्याचें नांव नव्हतें. होतें तें सारें लांकूड.

नौकेचा जो भाग उरला आहे त्याची लांबी सुमारे ८.२ मीटर, म्हणजे २७ फूट. रुंदी सुमारे २.३ मीटर; व उंची सुमारे सव्वा मीटर. लांकडाची किरणोत्सर्गी कर्बाच्या पद्धतीनें परीक्षा झाली. जवळ सांपडलेलें रांधण्याचें मडकें व दिवा ह्यांची घडण पाहण्यांत आली. आणि बांधणीची रीतहि विचारांत घेतली गेली. ह्या तिन्ही पुराव्यांवरून ही नौका इ. स. पूर्व पहिलें शतक ते इ. स. पहिलें शतक ह्या काळांतली ठरली. प्रवासी मंडळींनीं तिला ‘येशूची नौका’ असें नांव दिलें आहे. आम्ही येथें स्पष्ट सांगणें उचित समजतों कीं प्रभु येशू अथवा प्रभूचे शिष्य ह्याच नौकेंत बसले होते असें म्हणण्यास कांहींच आधार नाहीं. आणि श्रद्धेस असल्या आधाराची गरजहि नाहीं. त्या काळच्या आसपास, त्याच पाण्यावर, त्याच धंद्यांत ही नौका होती, एवढें सत्य आमच्या कामास पुरेसें आहे.

आतां तिच्या अंगाकडे पाहूं. आधीं फासळ्या उभ्या करून त्यांवर फळ्या ठोकावयाच्या, अशी तिची बांधणी नव्हे. प्रथम फळीस फळी कडेशीं जोडून सबंध टरफल तयार करावयाचें. त्यासाठीं फळीच्या जाडींत खोबण पाडावयाची, तींत लांकडाची चीप अर्धी बसवावयाची, चिपेचा दुसरा अर्धा भाग वरच्या फळीच्या खोबणींत घालावयाचा, आणि दोन्हीकडून लांकडी मेखा मारून ती जखडून टाकावयाची. हें टरफल उभें राहिल्यावर मग आंत फासळ्या घालून त्या लोखंडी खिळ्यांनीं पक्क्या करावयाच्या. भूमध्य समुद्रावरचीं मोठमोठीं तारवें त्या काळीं ह्याच रीतीनें बांधीत असत. अशा कामास वेळ फार लागतो व हात सराईत लागतो. रीत अशी उच्च प्रतीची होती. माल मात्र तसा नव्हता.

हिब्रू विद्यापीठाच्या एला वेर्कर ह्यांनीं लांकडांची परीक्षा केली. ह्या एवढ्याशा नौकेंत बारा जातींचीं लांकडें निघालीं. फळ्या बहुतांशीं लबानोनच्या गंधसरूच्या, आणि फासळ्या बहुतांशीं ओकच्या. ह्यांखेरीज अलेप्पो पाईन, हॉथॉर्न, कॅरब, लॉरेल, प्लेन, टेरेबिंथ. आमच्याकडील वाळुंजाच्या कुळांतलें विलो. ज्यास तिकडे यहूदाचें झाड म्हणतात तें एक. ज्या जातीच्या झाडावर जक्कय चढला होता तें उंबराच्या कुळांतलें सिकमोर. आणि शेवटीं बोर. ज्यानें कधीं होडी बांधविली आहे त्यास ही यादी ऐकूनच मालकाची स्थिति कळेल. पैसेवाला मनुष्य वखारींत जाऊन एका जातीचें, एका जाडीचें लांकूड घेतो. ज्यापाशीं पैसा नाहीं तो आज हें, उद्यां तें, जें मिळेल तें आणितो. आणि तें बेताचें लांकूड वेळ निभावून नेईल अशी कारागिराची करामत लागते.

बोरीचें लांकूड कोठें घातलें होतें हें ऐकण्यासारखें आहे. नौकेचा कणा, म्हणजे तळाचें तें लांब लांकूड, ज्यावर सर्व बांधणी उभी राहते, तेथें कोणीहि सुतार आपल्याजवळचें उत्तमांतलें उत्तम लांकूड घालतो. ह्या नौकेच्या कण्याचा पुढचा भाग गंधसरूचा आहे खरा. परंतु त्यावर जुन्या जोडणीच्या खोबणी दिसतात, म्हणजे तो आधीं दुसऱ्या एखाद्या नौकेंत राबलेला होता. मागचा भाग बोरीच्या जातीच्या लांकडाचा. आमच्या बोरीचेंच हें भाऊबंद: झाड कांटेरी, अंग वांकडें, आणि सरळ लांब ओंडका क्वचितच देणारें. अमेरिकेंतील टेक्सस येथील जे. रिचर्ड स्टेफी, जे पूर्वायुष्यांत विजेच्या कामाचे कारागीर असून पुढें प्राचीन जहाजांच्या बांधणीचे थोर जाणकार झाले, त्यांनीं ही नौका जागेवर येऊन तपासली. कारागीर भूमध्य समुद्राच्या परंपरेंत शिकलेला कुशल मनुष्य होता, परंतु त्याच्या हातीं आलेलें लांकूड फारच हलकें होतें, असें अभ्यासकांचें मत पडलें. ज्या फळ्या समुद्रावरच्या सुतारानें बाजूस फेंकल्या असत्या, त्या ह्यानें नौकेंत बसविल्या. नौका पुष्कळ वर्षें वापरांत होती व तिची दुरुस्ती पुनःपुन्हां झाली होती, हेंहि तिच्या अंगावरून दिसून येतें.

आतां तुतकाकडे वळूं. तुतक म्हणजे ज्यास आजकाल सर्रास डेक म्हणतात, तें नौकेवरचें फळ्यांचें आच्छादन. गिनोसारच्या नौकेचा वरचा भाग उरलेला नाहीं. परंतु ह्या जातीच्या नौकेस पुढें व मागें अशा दोन ठिकाणीं तुतक असे व मधला भाग उघडा असे, असा स्टेफी व वाक्समन ह्यांचा निष्कर्ष आहे. त्या काळीं ह्या सरोवरावर जीं जाळीं चालत त्यांत एक मोठें ओढजाळें असे. दक्षिण कोंकणांत ज्यास रापण म्हणतात त्या धर्तीचें. स्वर्गाच्या राज्यास प्रभूनें ज्या जाळ्याची उपमा दिली, तें हेंच. एवढें जाळें नौकेच्या तळाशीं कोंबून चालत नाहीं. तें न गुंतता सरसर पाण्यांत सुटलें पाहिजे. म्हणून तें मागच्या तुतकावर घडी घालून रचीत, आणि सुकाणूं धरणारा तेथेंच उभा राही.

ह्या मागच्या तुतकाचा शुभवर्तमानाशीं एक संबंध आहे. संत मार्क ह्यांच्या चौथ्या अध्यायांत वादळ उठलें असतां प्रभु नौकेच्या मागच्या भागीं उशीवर निजले होते असें सांगितलें आहे. एवढ्या लाटांत, खलाशांच्या पायांशीं, कोणी निजेल कसा, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. वाक्समन ह्यांचा तर्क असा आहे कीं निजण्याची जागा तुतकावर नसून तुतकाखालीं असावी, जेथें वारा व पाणी थेट लागत नाहीं आणि कोणाची ये-जा नाहीं. आणि ती उशी म्हणजे नौकेचा तोल राखण्यासाठीं ठेविलेली वाळूची पिशवी असावी. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु ज्यांनीं उघड्या होडींत रात्र काढिली आहे त्यांस तो पटण्यासारखा आहे.

अशा रीतीनें जाळें, सुकाणूं व थकलेल्या मनुष्याचा निवारा, हे तिन्ही ज्या थोड्याशा फळ्यांवर अवलंबून, त्या फळ्याच आधीं कुजतात. तुतक नेहमीं भिजतें आणि नेहमीं वाळतें. ह्या दोहोंच्या आळीपाळीनें लांकूड जितकें खराब होतें तितकें तें सदैव पाण्याखालीं राहून होत नाहीं. ओलें जाळें वर रचून ठेविलें कीं त्याखालीं हवा खेळत नाहीं. खिळ्यांच्या भोकांतून पाणी आंत मुरतें, आणि तुतक व नौकेची बाजू जेथें मिळतात त्या कोपऱ्यांत तें सांचून राहतें. समुद्रावर लांकूड पोखरणारा किडा हा मोठा शत्रु. गोड्या पाण्यांत तो नसतो, हें त्या कोळ्यांचें भाग्य. परंतु मीठ लांकडास कुजण्यापासून थोडें तरी वांचवितें, आणि पावसाचें गोडें पाणी तें कुजवितें, हें आमच्या किनाऱ्यावरील मंडळींस सांगावयास नको. पावसाळ्यांत होड्या वर ओढून त्या झांपांनीं झांकून ठेवण्याची चाल आमच्याकडे पडली ती ह्याच कारणानें.

असें तुतक कुजलें म्हणजे गरिबानें काय करावें? सबंध काढून नवें घालावें, हा सल्ला देणें सोपें आहे. पैसे देणारा वेगळा असला म्हणजे तें आणखी सोपें. गरिबाचा सुतार निराळ्या रीतीनें चालतो. तो प्रथम लांकडी हातोडीनें ठोकून व टोंचणीनें टोंचून चांगलें कोठें संपतें व वाईट कोठें सुरू होतें हें पाहतो. चांगल्या लांकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. मग तो फळ्या काढतो, पण खालच्या आडव्या तुळया एकदम काढीत नाहीं. कारण नौकेच्या दोन बाजूंस एकमेकींपासून फांकूं न देणाऱ्या त्याच असतात. सर्व तुळया एके दिवशीं काढिल्या तर तुतक दुरुस्त होण्यापूर्वींच नौकेचा आकार बिघडावयाचा. म्हणून एक तुळई काढावी, तिच्या जागीं दुसरी बसवावी, आणि मग पुढचीस हात लावावा. फळी अर्धीच कुजली असेल तर अर्धीच कापावी; मात्र कापतांना रोगट भागाच्या पलीकडे निरोगी लांकडांत बरेंच पुढें जाऊन कापावी, नाहींतर जुन्याची कीड नव्यास लागते. तेथें तिरका सांधा करून नवा तुकडा जोडावा; आणि शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एका ओळींत येऊं देऊं नयेत, कारण तसें झाल्यास सर्व भार एकाच ठिकाणीं पडून तेथेंच तुतक मोडतें. सुकाणूंवाला जेथें उभा राहतो व जाळ्याचा भार जेथें येतो, तेथें बरें लांकूड घालावें. हलकें असेल तें कडेस, जेथें पाय पडत नाहीं, तेथें घालावें. जुने खिळे उपटून, सरळ करून, पुन्हां वापरावे.

ह्या कामीं जुनें लांकूड वापरण्यांत काटकसर तर आहेच, परंतु तेवढीच नाहीं. नुकतेंच चिरलेलें ओलें लांकूड तुतकास घातलें कीं तें उन्हानें आकसतें, फळ्यांत फटी पडतात, आणि एका ऋतूंत काम पुन्हां करावें लागतें. जुन्या नौकेची फळी आकसावयाची ती केव्हांच आकसलेली असते. तिचा दोष असला तर तो वर दिसत असतो. नव्या लांकडाचा दोष पुढें कळतो. म्हणून समंजस सुतार मोडलेल्या नौकेस कचरा समजत नाहीं. ती त्याची वखार असते. गिनोसारच्या नौकेच्या कण्यांत आलेलें गंधसरूचें जुनें लांकूड ह्याच वखारींतलें. लबानोनच्या डोंगरावरून ओंडका विकत आणण्याची ऐपत त्या कोळ्यास नसेल. परंतु दुसऱ्या कोणाच्या आजोबांनीं केव्हांतरी आणिलेला तो ओंडका मोडक्या नौकेंतून काढून घेण्याइतकी अक्कल त्याच्या सुतारास होती.

येथें कोणी म्हणेल कीं एवढी ओढाताण करण्यापेक्षां नवीच नौका कां न बांधावी? त्याचें उत्तर त्या काळच्या धंद्याच्या स्थितींत आहे. जब्दीपाशीं मजूर होते, असें संत मार्क सांगतात. शिमोन व जब्दीचे पुत्र भागीदार होते, असें संत लूक सांगतात. म्हणजे नौका हा एकट्याच्या बळावर चालणारा व्यवहार नव्हता. त्यांत भाग असत, मजुरी असे. शिवाय कर होता: कफर्णहूमच्या जकातनाक्यावर बसलेला मत्तय आपणांस आठवतच असेल. हेरोद अंतिपा ह्यानें इ. स. २० च्या सुमारास ह्याच सरोवराच्या कांठीं तिबेर्या नगर वसविलें. आणि राजवाडे बांधणाऱ्यांच्या राज्यांत लांकडाची व पैशाची ओढ कोणीकडे असते हें सांगणें नको. मासळीच्या पैशांतून मजुराची मजुरी, भागीदाराचा भाग, सरकारचा कर व जाळ्याचें सूत वजा जातां जें उरे त्यांतून घर चालवावयाचें. आणि त्यांतून जें उरे तें नौकेस. नौकेची दुरुस्ती अशी सर्वांच्या शेवटीं येते, आणि ती टाळली तर मात्र सर्वांच्या आधीं प्राणांवर बेतते. त्या बारा जातींच्या लांकडांमागें हा हिशेब आहे. प्रत्येक ठिगळ म्हणजे एका घरानें घेतलेला एक निर्णय: आणखी एक वर्ष हिच्यावर विश्वास टाकूं.

अखेर एक दिवस तो विश्वास संपला. नौकेच्या कण्यावर चार खिळ्यांचीं भोकें व एका ठोकळ्याचा ठसा आहे. ज्यांत डोलकाठीचें बूड बसतें तो ठोकळा तेथें होता, आणि तो काढून नेलेला आहे. पुढची नाळ व मागचा खांब हेहि काढून नेलेले आहेत. वाक्समन ह्यांचें मत असें कीं जें जें पुन्हां कामास येण्यासारखें होतें तें तें सुतारांनीं काढून घेतलें, आणि उरलेलें टरफल निरुपयोगी म्हणून पाण्यांत ढकलून दिलें. तेथें जवळच दुसऱ्या नौकांचे तुकडेहि मिळाले. त्यावरून नौका बांधण्याची व नीट करण्याची जागा त्या काठीं असावी असें अनुमान निघतें. म्हणजे ही नौका वादळांत बुडाली नाहीं, युद्धांत जळली नाहीं. इ. स. ६७ मध्यें मिगदलाजवळ रोमी सैन्यानें तराफ्यांवरून पाठलाग करून सरोवरावर मोठी कत्तल केली. त्या दिवशीं अशा कितीतरी नौकांचा शेवट झाला. परंतु ह्या नौकेचा शेवट तिच्याच घरच्या माणसांच्या हातून झाला, आणि तो नीट विचार करून झाला.

तिचें तुतक कोठें गेलें? नाळ, खांब व ठोकळा जेथें गेले तेथेंच तेंहि गेलें असावें. वरच्या बाजूचें लांकूड, म्हणजे तुतकाच्या फळ्या व तुळया, हें तर काढावयास सर्वांत सोपें. त्यांतील ज्या फळ्या ठोकल्यावर खणखणीत वाजल्या असतील त्या दुसऱ्या एखाद्या नौकेच्या तुतकांत बसल्या असतील. आणि ती नौका जुनी झाल्यावर त्यांतल्या कांहीं आणखी पुढें गेल्या असतील. ज्या नौकेनें आपला कणा मेलेल्या नौकेकडून घेतला, तिनें आपलें छत जिवंत नौकेस दिलें, असें मानण्यास हरकत दिसत नाहीं.

एक गोष्ट येथें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. टाकून दिलेल्या त्या टरफलास वांचविण्यासाठीं आमच्या काळांत केवढे श्रम पडले! भिजलेलें लांकूड तसेंच वाळविलें असतें तर तें आकसून त्याचा चुरा झाला असता. म्हणून ओर्ना कोहेन ह्यांच्या देखरेखीखालीं ती नौका एका खास हौदांत ठेवून, लांकडांतील पाण्याच्या जागीं पॉलिएथिलीन ग्लायकॉल नांवाचा मेणासारखा पदार्थ हळूहळू मुरविण्यांत आला. ह्यास कित्येक वर्षें लागलीं. आज ती गिनोसार येथील यिगाल आलोन केंद्रांत ठेविलेली आहे, आणि देशोदेशींचे यात्रेकरू तिच्यापुढें उभे राहतात. ज्यांनीं तिला पाण्यांत ढकललें ते हें पाहतील तर हंसतील. चांगलें होतें तें आम्हीं नेलें, तुम्ही कशापुढें उभे आहांत, असें ते म्हणतील. परंतु त्यांनीं नेलेलें चांगलें लांकूड वापरांत झिजून नाहींसें झालें. टाकलेलें तेवढें राहिलें. इतिहासाच्या हातीं बहुधा असेंच उरतें, आणि जें उरलें त्यावरून जें गेलें त्याची किंमत आपण करावयाची असते.

महोत्सवाच्या प्रसंगीं पायाचा दगड कोणीं बसविला, देणगी कोणीं दिली, घंटा कोठून आली, हें आपण अभिमानानें लिहितों, आणि तें योग्यच आहे. परंतु कोणत्याहि जुन्या देवळाचा खरा इतिहास पायाच्या दगडापेक्षां त्याच्या दुरुस्तींत अधिक असतो. दर पावसाळ्यापूर्वीं शाकारणी कोणीं केली. वासा कुजला तेव्हां दुसरा कोणाच्या अंगणांतून आला. वर्गणी अपुरी पडली त्या सालीं अर्धेंच छप्पर उतरवून बाकीचें पुढील वर्षावर कोणीं ठेविलें. जुन्या घराचीं सागवानी दारें कोणीं आणून दिलीं: हें कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं. तें काम करणाऱ्यांस आपण इतिहास घडवितों असें वाटलें नाहीं. पाऊस येण्यापूर्वीं छप्पर झांकलें पाहिजे, एवढेंच त्यांस वाटलें. गालील सरोवरावरच्या त्या सुतारासहि एवढेंच वाटलें असेल कीं उद्यां जाळें टाकावयाचें आहे, तेव्हां आज ही फळी बसलीच पाहिजे. त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्यानें बसविलेली बोर मात्र जागेवर आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे वाडवडील असेच सुतार, तांडेल, गवंडी व खलाशी होते, आणि ज्यांचीं नांवें ह्या अंकाच्या यादींत आलेलीं नाहींत, त्यांच्या हातांचें स्मरण ह्या महोत्सवीं व्हावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहिला आहे.